रोजच्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात गाडी चालवताना डोकं शांत कसं ठेवायचं?

वारजे_ते_वाकड

रोज वारजे ते हिंजवडी आणि परत, तेही ऐन गर्दीच्या वेळी. महिन्यातून दोनदा आईबाबांना घेऊन सातारा. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. चालवायचा सराव भरपूर आहे, अडचण रागाची आहे. कुणी कट मारला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. मागून कुणी चिकटून डिपर देत राहिला की मुद्दाम वेग कमी करावासा वाटतो. सर्व्हिस रोडला उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले, सिग्नल सुटायच्या आधीच वाजणारे हॉर्न, हे सगळं साठत जातं आणि घरी पोचेपर्यंत डोकं भणभणलेलं असतं.

"शांत राहा", "मनावर घेऊ नका" हे सांगून झालंय सगळ्यांचं. मला नेमकं हवंय. निघण्याआधी काय करायचं, त्या क्षणी हातापायांनी काय करायचं, गाडीत काही बदल करून फरक पडतो का? घाटाबद्दलही सांगा, कारण खंबाटकीत ट्रकच्या मागे अडकलं की संयम सगळ्यात आधी तिथे सुटतो.

घाटवाट

तुमचा प्रश्न स्वभावाचा कमी आणि अंतराचा जास्त आहे. पुढच्या गाडीच्या डिकीला नाक लावून चालणाऱ्याला तिचा प्रत्येक ब्रेक लाइट दचकवतो. दिवसातून दोनशे वेळा दचकलेला माणूस चिडणारच. तेच अंतर वाढवलं की पुढच्याने ब्रेक मारला तरी तुम्हाला फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा लागतो. दचकणं थांबलं की चिडचिड निम्मी कमी होते.

मोजायचं असं: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा पुलाच्या सांध्यापाशी आली की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. तीन म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ३ सेकंदांचे साधारण ६७ मीटर झाले. ताशी ४० ला ३३ मीटर. पावसात तीनाचे पाच सेकंद करा. मीटर लक्षात ठेवायची गरज नाही, सेकंद मोजले की वेगाप्रमाणे अंतर आपोआप बदलतं.

आता यावर सगळ्यांचा एकच आक्षेप असतो: एवढी जागा सोडली की लोक घुसतात. घुसतात, खरं आहे. पण हिशोब करून बघा. एक गाडी पुढे घुसली की अंतर परत तयार करायला तुम्हाला २-३ सेकंद मागे सरावं लागतं. चांदणी चौकापासून भूमकर चौकापर्यंत वीस गाड्या घुसल्या असं धरलं तरी जेमतेम एक मिनिट जातं. एवढ्या एका मिनिटासाठी आपण वीस भांडणं अंगावर घेत असतो.

वेगाचंही तसंच. साताऱ्याच्या वाटेवर मोकळा ३० किलोमीटरचा पट्टा मिळाला असं समजा. ताशी ८० ने तो साडेबावीस मिनिटांत होतो, ताशी १०० ने अठरा मिनिटांत. वाचली साडेचार मिनिटं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर एखादा फास्टॅग वाचला गेला नाही की ती तिथेच जातात. थांबायला लागणारं अंतर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरना ताशी ५० वरून थांबायला, ब्रेक लागल्यापासून, साधारण १४ मीटर लागत असतील तर ताशी १०० वरून ५५ मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक-दीड सेकंद वेगळाच.

निघण्याच्या वेळेबद्दल. मॅप दाखवतो ती सरासरी वेळ धरून निघणारा माणूस जवळपास निम्म्या दिवशी उशिराच पोचणार. एक आठवडा रोजचा खरा वेळ लिहून ठेवा आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरून निघा. मंगळवारी ५५ मिनिटं लागली असतील तर रोज ५५ धरा. लवकर पोचलात तर कँटीनमध्ये चहा घ्या. आणि मॅपच्या पडद्यावरची "पोचण्याची वेळ" नजरेआड ठेवा, नुसता आवाज चालू राहू द्या. ती वेळ एक मिनिटाने पुढे गेली की आपण नकळत शर्यतीला लागतो.

लेनचं एक सांगतो. अडकलेल्या गर्दीत शेजारची लेन नेहमीच जास्त पळते असं वाटतं. कारण साधं आहे: ज्यांना आपण मागे टाकतो ते क्षणात नजरेआड होतात, आणि जे आपल्याला मागे टाकतात ते बराच वेळ डोळ्यांसमोर राहतात. दोन्ही लेन सारख्याच सरकत असल्या तरी आपण हरतोय असं वाटत राहतं. तेव्हा गर्दी दाटली की एक लेन धरा आणि पुढच्या फाट्यापर्यंत ती बदलायची नाही असं ठरवून टाका. पुन्हा पुन्हा निर्णय घ्यायचं थांबलं की थकवा किती कमी होतो ते आठवड्याभरात कळेल.

गॅरेजकट्टा

वरचं सगळं बरोबर. त्यात भर घालतो, कारण पुष्कळदा गाडीच माणसाला चिडवत असते आणि त्याला ते कळत नाही.

पहिला क्लच. पेडल जड लागत असेल किंवा अगदी वर आल्यावर गाडी उचलत असेल, तर केबल कोरडी पडलेली असते किंवा प्लेट संपत आलेली असते. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये डावा पाय शेकडो वेळा तेच पेडल दाबतो. पोटरी भरून येते, आणि अंग दुखायला लागलं की राग लवकर येतो. केबल दाखवून घ्या, खर्च फार नसतो. दुसरं, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय सोडा. पुढे एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडा. सपाटीवर पेट्रोल गाडी ॲक्सिलरेटर न देताही चालण्याच्या वेगाने सरकते. तशीच सरकू द्या. सिग्नलला २० सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक आणि दोन्ही पाय मोकळे. पायाला मिळालेली ती विश्रांती संध्याकाळी जाणवते.

एसी. गाडी पळताना गार हवा देतो आणि ट्रॅफिकमध्ये थांबली की कोमट, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा बघायला सांगा, लगेच गॅस भरून घेऊ नका. हवेचा झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर तुंबलेला असतो. पुण्यातल्या धुळीत तो वर्षाला किंवा १०,००० किलोमीटरला बदलावा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. शिवाय एसी सतत आतलीच हवा फिरवण्यावर ठेवू नका. चार माणसं बसलेल्या बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो, डोकं जड होतं, जांभया येतात. दर १५-२० मिनिटांनी दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. पुढे धूर ओकणारी बस असेल तेवढा वेळ सोडून.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करा. आपण दिवसभर नकळत स्टिअरिंग विरुद्ध दिशेला धरून ठेवतो आणि खांदे आखडतात.

बसण्याबद्दल. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ सीटला टेकवून हात सरळ पुढे केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, नुसती बोटं पोचत असतील तर सीट मागे आहे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. स्टिअरिंगला लोंबकळून पुढे झुकून बसणाऱ्याचे खांदे आधीच कानाला लागलेले असतात. राग आल्यावर शरीर जे करतं तेच हा माणूस घरून करून निघतो.

सकाळची_शिफ्ट

प्रत्यक्ष राग येतो त्या क्षणाबद्दल लिहिते.

कट बसला की पहिल्या अर्ध्या सेकंदात विचार करायला वेळ नसतो, त्यामुळे शरीराला आधीच एक ठरावीक काम देऊन ठेवावं लागतं. ते काम असं: उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. त्याच वेळी नजर वरच्या आरशात. बस, एवढंच. पाय ब्रेकवर असला की ॲक्सिलरेटर दाबला जाऊच शकत नाही, आणि आरसा बघितला की नजर त्या गाडीच्या नंबर प्लेटवरून सुटते. आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. चिडून त्याच्याकडे बघत राहिलं की त्याच्याच मागे खेचले जातो. रिकाम्या रस्त्यावर, काहीही झालेलं नसताना, मागे कुणी नाही हे बघून हे दहा-वीस वेळा करून पाहा. सराव असला तरच ते वेळेवर होतं.

त्यानंतर बोटं. स्टिअरिंगवरची पकड एकदा घट्ट आवळा आणि सोडा. जबडा सोडा, दात एकमेकांना लागलेले नकोत. मग श्वास, पण नुसता "दीर्घ श्वास" नव्हे. चार आकडे मोजत नाकाने आत आणि सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाची गती खाली येते, काम त्याचं आहे. पाच-सहा वेळा पुरे. डोळे उघडे ठेवून, चालत्या गाडीतही जमतं.

एकदा डोकं तापलं की शरीर निवायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. तेवढ्यात ओव्हरटेक, लेन बदलणं, फोन, काहीही करायचं नाही. खूपच झालं तर पेट्रोल पंपावर थांबा, पाणी प्या.

मागून चिकटणाऱ्यासाठी मुद्दाम ब्रेक मारणं हा सगळ्यात घातक उपाय आहे. धडक तुमच्याच डिकीला बसते आणि मागच्या सीटवर आईबाबा असतात. त्याऐवजी पुढचं अंतर आणखी वाढवा, म्हणजे तुम्हाला कधीच करकचून ब्रेक लावावा लागणार नाही आणि मागच्यालाही वेळ मिळेल. जागा मिळताच डावा इंडिकेटर देऊन त्याला जाऊ द्या. रात्री त्याचा प्रकाश डोळ्यांत येत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी कळ ओढा.

सिग्नल सुटल्यावर "एक, दोन" मोजून मगच निघा. आडव्या रस्त्यावरून शेवटच्या क्षणी लाल तोडून येणारा नेमका त्या दोन सेकंदांत येतो. मागे हॉर्न वाजेल, वाजू द्या. मागच्याला तो आडवा येणारा दिसत नसतो, तुम्हाला दिसतो. आणि आपण स्वतः विनाकारण हॉर्न वाजवण्याला मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा १,००० आणि त्यानंतर २,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात मालवाहू गाड्यांच्या मागचं "हॉर्न ओके प्लीज" लिहिण्यावर २०१५ साली बंदी आली तीही याच कारणाने.

कुणी गाडी आडवी घालून उतरलाच, तर काच खाली करू नका, दारं लॉक करा, उतरू नका. हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा आणि ११२ लावा. चूक तुमची असेल तर हात वर करून माफी मागा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

वारजे_ते_वाकड

फार उपयोगी. क्लचचं तर अगदी तसंच आहे, पेडल खूप वर आल्यावर गाडी उचलते. आता घाटाचं सांगाल का? शिवाय उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींचं काय करायचं? तिथे अंतर ठेवूनही उपयोग होत नाही.

घाटवाट

आधी दुचाकी. उलटा येणारा त्याच्या उजव्या कडेने येतो, म्हणजे तुमच्या डाव्या कडेने. म्हणून सर्व्हिस रोडला डावी कड सोडून किमान एक-दीड मीटर आत चाला. डावीकडे वळताना किंवा गल्लीतून मुख्य रस्त्यावर येताना आपण सवयीने फक्त उजवीकडे बघतो. तो डावीकडून येतो. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, असं बघूनच चाक हलवा. विरुद्ध दिशेने गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये मोडतं, पण ते बघणं पोलिसांचं काम. तुम्ही "येतील, आहेतच" असं धरून चाललात तर राग यायला जागाच उरत नाही. राग अनपेक्षित गोष्टीचा येतो, रोज त्याच जागी घडणाऱ्या गोष्टीचा यायला नको.

आता खंबाटकी. जुन्या मार्गाने साताऱ्याला जाताना घाट चढायचा असतो आणि परतीला बोगदा, वाहतूक एकाच दिशेची. म्हणजे समोरून गाडी येण्याची भीती नाही, आणि नेमकं याचमुळे लोक तिथे चढाओढ करतात. भरलेला ट्रक चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतो. तो थांबला की पुन्हा उचलणं ड्रायव्हरला जड जातं, इंजिनला त्याहून जड. एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकायला दोन-तीन मिनिटं घेतो तो आडमुठेपणामुळे नव्हे, दोघांच्या वेगात फरकच तेवढा कमी असतो. त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन न गुदमरता चालत राहा. अंतर दोन ट्रकच्या लांबीएवढं ठेवा. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, हे लक्षात ठेवा. वळणाच्या आतल्या बाजूने ट्रक आणि कठड्याच्या मध्ये कधीही घुसू नका. लांब गाडीची मागची चाकं वळणात आतून कापत येतात, आणि ती फट बघता बघता बंद होते.

थांबावं लागलं तर पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा सोडा, ट्रक असेल तर त्याच्या दुप्पट. चढावर गाड्या उचलताना मागे घरंगळतात. उचलताना हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळू सोडा, गाडीचं नाक किंचित वर आलं की हँडब्रेक सोडा. हे नीट जमत असलं की मागे कितीही हॉर्न वाजले तरी घाम फुटत नाही. घाटातली पुष्कळशी चिडचिड ही मुळात गाडी मागे जाईल या धास्तीची असते.

मे महिन्यातल्या शनिवारी चढावर अडकलात आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. आत उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल. काटा तरीही खाली येईना तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना हातही लावायचा नाही, पूर्ण गार होऊ द्या.

माथ्यावरून सुरूरकडे उतरताना गिअर चढताना होता साधारण तोच, दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आजच्या इंजिनात इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड कमी होते. जळका वास आला म्हणजे तेच झालेलं असतं. परतीच्या बोगद्यानंतर नागमोडी वळण आहे, तिथे वेग बोगद्याच्या आतच उतरवून बाहेर पडा.

आणि पुण्यात शिरताना, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. इथे मात्र संयम म्हणजे जागा देणं. बरेच अवजड ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक निकामी होत आलेले असतात. भरलेल्या ट्रकच्या बरोबर पुढे राहू नका, आणि त्याच्या पुढे घुसून ब्रेक तर अजिबात लावू नका. त्याने हॉर्न किंवा डिपर दिला तर तो मुजोरी करतोय असं धरू नका, कदाचित त्याला थांबता येत नसेल. ताबडतोब वाट द्या.

अरुंद घाट असेल, म्हणजे तुम्ही कधी वरंधा किंवा तसल्या रस्त्याला लागलात, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. २०१७ च्या वाहनचालन नियमांतही ते आहे.

गॅरेजकट्टा

क्लच वर उचलतोय म्हणता तर साताऱ्याला जायच्या आधीच दाखवा. घरच्या घरी तपासायचं तर सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज झपकन वाढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरतेय. तशी गाडी खंबाटकीत अर्ध्या चढावर सोडून देईल.

रात्री परतत असाल तर पुढची काच आतून पुसा. उन्हात डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकचा धुरकट थर काचेवर बसतो, दिवसा दिसत नाही आणि रात्री समोरच्या अप्परचा प्रकाश त्यावर फाकतो. मायक्रोफायबरचं कापड थोडं ओलं करून एकदा, मग कोरड्याने एकदा. डिटर्जंट नको, डाग राहतात. तरीही समोरच्याने अप्पर खाली केला नाही तर एकदा डिपर द्या, नंतर नाही. वेग उतरवा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, तो जाईपर्यंत.